मीटर बघू नका, मीठ बघा

जुनी गाडी घ्यायची आहे, असं अलिबाग-मुरूड पट्ट्यात कुणाजवळ नुसतं बोलून बघा. चहा येईपर्यंत चार सल्ले हातात पडतात. 'कमी पळालेली बघ.' 'मुंबईची घे, इथल्या गाड्या गंजलेल्या असतात.' 'डिझेल घे, परवडेल.' आणि अलीकडचा, सगळ्यांत छातीठोकपणे दिला जाणारा: 'जुनी कशाला, आता नव्याच स्वस्त झाल्यात.'

गेल्या हिवाळ्यात मेव्हण्यासाठी मी दोन महिने गाड्या बघत हिंडलो. तो रेवदंड्याजवळ राहतो. नवरा-बायको, दोन मुलं आणि गुडघे धरलेली आई. नारळ-सुपारीची छोटी वाडी आणि पर्यटकांसाठी घरगुती खानावळ. हाताशी दोन लाख रुपये, वर एक पैसा नाही. हे चारही सल्ले आम्ही मनापासून तपासून बघितले. त्यातला एकही त्याच्या कामाचा नव्हता, आणि का नव्हता ते सांगण्यासारखं आहे.

नव्या गाडीचं आधी घेऊ, कारण त्या म्हणण्यात दम आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, वरचा उपकरही गेला. किमती खरोखरच उतरल्या. पण विमा, रोड टॅक्स धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेचार लाख धरा. मेव्हण्याने असलेले दोन लाख ओतले तरी अडीच लाखांचं कर्ज उरतं. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षं म्हणजे महिना सव्वापाच हजारांचा हप्ता, साठ वेळा. त्याची खानावळ जूनमध्ये झोपते ती ऑक्टोबरात उठते. हप्ता मात्र बारमाही असतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा सुपारीचं नवं झाड फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात हे सगळ्यांना नव्याने कळलं. अशा घरात गाठीचे दोन लाखही जाणार आणि डोक्यावर अडीच लाखही बसणार, याला मी स्वस्ताई म्हणत नाही. महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्याने खुशाल नवी घ्यावी, मी आडवा येणार नाही.

आता 'कमी पळालेली'. या सल्ल्याने आम्हाला जवळजवळ बुडवलंच होतं.

नागावला एका बंद बंगल्यात 2014 ची एक हॅचबॅक उभी होती. मालक मुंबईचे, वर्षातून पाच-सहा वेळा येणारे. मीटरवर 19 हजार किलोमीटर. रंग आरशासारखा, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. मेव्हण्याचा हात खिशातल्या टोकनच्या पैशांकडे जाताना मी बघितला. म्हटलं, आधी गॅरेजला नेऊ.

मेस्त्रीने गाडी वर घेतली आणि तो खाली शिरला. दाराखालच्या पट्टीवर काळं कोटिंग ताजं होतं. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. डावीकडे टण्ण वाजलं, उजवीकडे थप्प. मग टोक लावून अंगठ्याने नुसतं दाबलं. पिकल्या पेरूत सुरी जावी तसं ते आत गेलं, आणि बाहेर काढताना तपकिरी पापुद्रे त्याच्या कपाळावर पडले. "दादा, हा पत्रा नाय, पापड हाय," तो खालूनच म्हणाला. नंतर डिकी उघडली, गालिचा उचलला, स्टेपनी काढली. स्टेपनीच्या खड्ड्यात तांबूस ओल होती आणि कुठल्याशा माशाचे दोन सुकलेले खवले. कोडं तिथेच सुटलं. गाडी वर्षातून पाच-सहा वेळाच मुंबईला जात होती, पण जाताना दर वेळी डिकीत बर्फातली मासळी जात होती. थर्माकोलच्या खोक्यातून गळलेलं खारं पाणी खड्ड्यात साचायचं, आणि मग गाडी पुढची फेरी येईपर्यंत समुद्रापासून दोन शेतं अलीकडे तशीच उभी.

मीटर चाकांचे फेरे मोजतो. खारा वारा मोजणारं यंत्र गाडीत बसवलेलं नसतं. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि पत्रा सतत ओलसर ठेवतं. लोखंडाला गंजायला तेवढं पुरतं, त्यासाठी गाडी हलावी लागत नाही. उलट उभ्या गाडीचे आजार वेगळेच. ब्रेक धरून बसतात, बॅटरी मरते, उंदीर वायरिंग कुरतडतात. त्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण कडेला 2214 असा आकडा होता, म्हणजे 2014 सालातला बाविसावा आठवडा. अकरा वर्षांचं रबर बोटाने दाबलं की भेगा दाखवत होतं. टायमिंग बेल्टचंही तेच. तो किलोमीटरने जसा झिजतो तसा वर्षांनीही म्हातारा होतो. कमी पळालेली गाडी म्हणजे कमी झिजलेली गाडी, हे सूत्र देशावर कदाचित चालत असेल. आमच्याकडे ते खवल्यांपाशी संपलं. शिवाय मीटर मागे घेता येतो, ही गोष्ट मी मुद्दामच शेवटी ठेवली आहे. त्या गाडीचा मीटर खरा होता, आणि तरीही गाडी नासलेली होती.

'मुंबईची घे' म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो बोटीत गाडी घालून तासाभरात पोचणारी माणसं मुंबईला कोरडा प्रदेश समजतात! समुद्र तोच, पाऊस तोच, आणि गाड्या उघड्यावर उभ्या. वर सिग्नलला पाय ठेवून ठेवून क्लच प्लेट संपलेली. पुण्याच्या गाडीचं मात्र मी मान्य करतो. ताम्हिणी उतरून माणगावला आलेल्या एमएच-12 पासिंगच्या दोन गाड्या बघितल्या, दोन्हींचं बूड खणखणीत होतं. पण पासिंग कुठलं यावर निर्धास्त होऊ नका. 22 जुलै 2021 च्या पुरात महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा गाड्याही गेल्या. बुडालेली गाडी धुऊन, सुकवून दुसऱ्या जिल्ह्यात गेली की तिचा पूर मागे राहतो, चिखल मात्र सोबत येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची रेघ दिसते. सीटच्या खालच्या रुळांत बोट फिरवा. अत्तराचा फवारा मारलेली गाडी दिसली तर काचा लावून पाच मिनिटं आत बसा.

डिझेलविषयी थोडक्यात. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या घराचे डिझेलमुळे हजारभर रुपये वाचतील. दहा-बारा वर्षांच्या डिझेल गाडीचे इंजेक्टर एकदा रुसले की वर्षाची ही बचत एका बिलात जाते. सीएनजी बसवलेली जुनी गाडी मिळते, पण ते किट आरसीवर चढलेलं आहे का आणि टाकीची तीन वर्षांनी करायची तपासणी झाली आहे का, ते आधी बघा. आणि डिकी गेली हे धरून चाला. पाच माणसांना डिकी लागते.

मग घ्यायची कुठली? माझ्या मते, जिला तुमच्या गावचा मेस्त्री डोळे मिटून खोलतो ती. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन इथल्या गॅरेजांत उभं राहून मोजा: अल्टो, वॅगन आर, सँट्रो, आय-10. दोन लाखांत याच गाड्यांमधून निवडायचं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. शेवरोलेची बीट त्याहून कमी पैशांत मिळते, दिसतेही देखणी. पण त्या कंपनीने 2017 अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. पार्ट मिळत नाहीत असं नाही, पण एका बुशसाठी गाडी आठ दिवस जॅकवर उभी राहते, आणि तेवढ्यात आईला अलिबागच्या दवाखान्यात न्यायचं असतं. वॅगन आरमध्ये 2010 पासून आलेलं 998 सीसीचं के-सिरीज इंजिन मला या सगळ्यांत जास्त पटतं. त्याला बेल्ट नाही, चेन आहे. गाडी उंच असल्याने गुडघे धरलेल्या माणसाला वाकून आत शिरावं लागत नाही. आईने हे एकदा बसून बघितलं आणि आमच्या तांत्रिक चर्चेत त्यानंतर रस घेतला नाही.

इथे एक आक्षेप खरा आहे आणि तो मी झाकणार नाही. 2014 च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपने भारतातल्या छोट्या गाड्या आदळून बघितल्या. एअरबॅग नसलेल्या अल्टो 800 आणि आय-10, दोघींनाही शून्य तारे मिळाले. सगळ्या नव्या मोटारींना एबीएस एप्रिल 2019 पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली; त्यानंतरची गाडी दोन लाखांत सहसा बसत नाही. आधीच्या गाड्यांत वरच्या मॉडेलला कधी कधी या दोन्ही गोष्टी असतात. मिळाली तर अलॉय व्हील आणि टेप सोडा, पण ती घ्या. नाही मिळाली तर आपण काय घेतोय ते ओळखून मुंबई-गोवा महामार्गावर बेताने चालवा. मेव्हण्याचं घर आजवर चौघं एका स्कूटरवर बसून पावसात जात होतं, हेही तराजूत टाका.

सगळे दोन लाख गाडीत घालू नका, चाळीस हजार बाजूला ठेवा. ते टायर, बॅटरी, ब्रेक आणि ऑइलला लागणारच आहेत. बघायला जाताना खिशात कापडात गुंडाळलेला लोहचुंबक ठेवा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. पायाखालचे मॅट उचला, स्टेपनी काढायला लावा, शॉकअप जिथे बसतो तो माथा टॉर्चने बघा, आणि गाडी वर घेऊन दाखवायला मालक नाही म्हणाला तर चहा पिऊन घरी या. वरवरचा गंज चालतो, घासून निघतो. टोक आत गेलं की सौदा मोडा, कितीही स्वस्त असली तरी. ताज्या कोटिंगला भुलू नका. गंजावर कोटिंग म्हणजे ओल्या भिंतीवर वॉलपेपर.

कागदांत आळस नको. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी, पर्यावरण कर आणि पाच हजारांचं नूतनीकरण शुल्क, आणि कुजलेल्या बुडाची गाडी त्या तपासणीत अडकते. तेव्हा दोन-तीन वर्षं तरी शिल्लक असलेली गाडी बघा. बँकेचा बोजा आरसीवरून उतरला आहे का ते स्वतः तपासा. नाव लावायचं काम एजंटच्या 'होऊन जाईल'वर सोडू नका. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, एरवी गाडी तुमची आणि पॉलिसी दुसऱ्याची. विकणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये: सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 च्या निकालात सांगितलं आहे की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे त्याच्यावर, मग गाडी तीन हात फिरलेली असो.

मेव्हण्याने शेवटी 2013 ची वॅगन आर घेतली. पेण पासिंग, एमएच-06. एका शिक्षकांची, रोज रोहा-नागोठणे फिरणारी, सर्व्हिसच्या पावत्या वहीला टाचलेल्या. मीटरवर 84 हजार किलोमीटर, म्हणजे नागावच्या गाडीच्या चौपटीहून जास्त. किंमत एक लाख अठ्ठावन्न हजार. मेस्त्रीने दोन्ही बाजूंनी ठोकून बघितलं, दोन्हीकडे टण्ण. डिकीत आता एक झाकणाचा प्लास्टिकचा टब असतो, आणि मासळी त्यातूनच जाते.