मशीन एकदा घ्याल, पातं पुन्हा पुन्हा घ्याल : घोड्याचे केस कापायचं क्लिपर घेण्याआधी हा हिशोब करा



लग्नाच्या वरातीचे घोडेवाले, रायडिंग स्कूल चालवणारे, माथेरान-महाबळेश्वरला पर्यटकांना रपेट घडवणारे, यांच्यातले बरेच जण एकच प्रश्न विचारतात. "सर, घोड्याचे केस कापायचं कुठलं मशीन घेऊ?"

माझं स्पष्ट मत सांगतो. हा प्रश्नच उलटा आहे. पहिला प्रश्न असा हवा : माझ्या घोड्याचे किती केस कापायचेत? दुसरा : पातं बोथट झाल्यावर धार कोण लावून देणार? या दोन्हींची उत्तरं मिळाली की मशीन आपोआप ठरतं. आपण मात्र आधी वॉट बघतो, मग डिस्काउंट बघतो आणि पात्याचा विचार मशीन घरी आल्यावर करतो.

आधी गरज मोजा

ब्रिटनमध्ये घोड्याला हिवाळ्यात दाट लव येते. असा घोडा जोरात पळवला की घामाने भिजतो, लवकर वाळत नाही आणि थंडीत गारठतो. म्हणून तिथे साधारण ऑक्टोबरपासून अंगावरचे केस मशीनने उतरवतात आणि मग त्याला झूल घालतात. कुणी पूर्ण अंग कापतं, कुणी फक्त मान आणि पोटाखालचा घाम येणारा पट्टा. तिथल्या मोठ्या मशीनची गरज या कामातून आली.

आता आपल्याकडे बघा. काठियावाडी, मारवाडी घोड्याची लव मुळात बारीक. आपला हिवाळा सौम्य. बहुतेक मालकांचं काम एवढंच असतं : कानामागे लगामाचा पट्टा बसतो तिथली आयाळ, घोट्यामागचे लांब केस, जबड्याखालची लव, आणि जखम झाली तर तिच्याभोवतीची जागा. एवढ्यासाठी मोठं मशीन घेणं म्हणजे किराणा आणायला ट्रक घेण्यासारखं आहे.

पूर्ण अंग कापायची वेळ कुणावर येते? थंडीत रोज कडक मेहनत करणारा रेसचा किंवा स्पर्धेचा घोडा, थंड प्रदेशातून आणलेला घोडा, किंवा म्हातारपणी आजारामुळे लव न गळणारा घोडा. तुमच्या तबेल्यात असे किती आहेत ते मोजा. शून्य असतील तर शून्य लिहा. लाजायचं कारण नाही.

दोन जातीची मशीन, दोन जातीची पाती

पहिली जात लहान. याला 'ए-फाईव्ह' पद्धतीचं क्लिपर म्हणतात. अँडिस, ऑस्टर यांची ही मशीन कुत्र्यांच्या ग्रूमिंगवालेही वापरतात. ब्लेड टचकन काढता-लावता येतं आणि त्यावर नंबर असतो. लक्षात ठेवा, नंबर जितका मोठा तितके केस बारीक कापले जातात. १० नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतो, ३० नंबर अर्धा, आणि ४० नंबर पाव मिलिमीटर. ४० नंबर डॉक्टरांच्या कामाचा, शस्त्रक्रियेआधी कातडी मोकळी करायला. तुमच्या रोजच्या कामाला १० नंबर पुरतो. याच मशीनला 'टी-८४' नावाचं रुंद ब्लेड बसतं, त्यावर प्रसंगी अंगही कापता येतं. वेळ जास्त लागेल, पण काम होईल.

दुसरी जात जड. लिस्टर, हायनिगर अशा कंपन्यांची मोठी मशीन. यात खालची आणि वरची अशा दोन पट्ट्यांची जोडी असते आणि स्क्रूने ताण द्यावा लागतो. ताण जास्त झाला तर पातं तापतं, कमी झाला तर केस मध्ये अडकून ओढले जातात. पूर्ण अंग कापायला हीच मशीन, पण वजन आणि आवाज दोन्ही जास्त. बुजरा घोडा आवाजानेच उधळतो, म्हणून वॉट वाचण्याआधी दुकानदाराला मशीन चालू करून दाखवायला सांगा.

एक इशारा. मेंढीची लोकर कापायचं मशीन ऑनलाइन 'जनावरांचं क्लिपर' म्हणून विकलं जातं. दिसायला तसंच, भावही बरा. पण मेंढीच्या पात्याला दात कमी आणि लांब असतात, घोड्याच्या पात्याला बारीक आणि जवळजवळ. मेंढीचं पातं घोड्याच्या कातडीवर चालवलं तर जखम होऊ शकते. खोक्यावरचं चित्र बघू नका, पात्याचे दात बघा.

आता खरा हिशोब

कागद-पेन घ्या. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या दुकानदाराचे भाव टाकून पुन्हा मांडा.

समजा मोठं मशीन २४,००० रुपयांचं, चार वर्षं चालणार आणि वर्षाला १२ घोडे कापणार. म्हणजे ४८ घोडे. एका घोड्यामागे मशीनचा खर्च ५०० रुपये.

समजा पात्याची जोडी ३,००० रुपयांची. तिला चार वेळा धार लावता येते, दर वेळी ४०० रुपये. एकूण ४,६०० रुपये आणि कारखान्याची धरून पाच धारा. घोडा स्वच्छ असेल आणि एका धारेत तीन घोडे निघाले तर १५ घोडे. एका घोड्यामागे पात्याचा खर्च सुमारे ३०७ रुपये. तेल-स्पिरिटचे ४० धरा. झाले साधारण ८५० रुपये, तुमची मजुरी न धरता.

आता घोडा न धुता, मातीसकट कापला. माती म्हणजे पात्यासाठी पॉलिश पेपर. एका धारेत एकच घोडा निघाला तर पात्याचा खर्च ३०७ वरून थेट ९२० रुपये, आणि एकूण १,४६०!

बघा काय झालं. मशीन तेच, माणूस तोच. फक्त आदल्या दिवशी खरारा आणि शाम्पूने अंघोळ घातली नाही, घोडा पूर्ण वाळू दिला नाही, म्हणून एका घोड्यामागे सहाशे रुपयांचा फटका.

दुसरी गंमत बघा. वर्षाला १२ ऐवजी २४ घोडे केले तर मशीनचा खर्च ५०० वरून २५० वर येतो. पात्याचा ३०७ मात्र तसाच राहतो. धंदा वाढला की स्थिर खर्च वाटला जातो, बदलता खर्च दर नगामागे पाठलाग करतो. ज्याने पातं सांभाळलं त्याच्याच हातात नफा राहतो. पिठाची गिरणी असो की झेरॉक्सचं दुकान, नियम हाच.

पातं सांभाळायचं म्हणजे काय?

दर पाच-दहा मिनिटांनी थांबून केस झटका, तेल द्या. पातं हाताच्या मागच्या बाजूला लावून बघा. तुम्हाला चटका बसतो तर घोड्यालाही बसतो. हवेची जाळी साफ ठेवा. जोडीतल्या पट्ट्या एकमेकींत अदलाबदल करू नका, त्या एकत्र घासलेल्या असतात.

आणि धार लावायला चाकू-कात्रीवाल्याकडे देऊ नका. क्लिपरचं पातं खास चकतीवर घासावं लागतं, साध्या दगडावर ते कायमचं वाया जातं. म्हणून मशीन घेण्याआधी धारवाल्याला फोन करा. जिल्ह्यात कुणी नसेल तर कुरियरचा खर्च आणि पातं परत येईपर्यंत लागणारी दुसरी जोडी हिशोबात धरा. ज्या मशीनची पाती आपल्याकडे सहज मिळत नाहीत, ते फुकट मिळालं तरी महाग आहे.

इथे काटकसर नको

वीज : वायरचं मशीन वापरणार असाल तर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी लावलेल्याच लाइनवर. ओला घोडा, ओली फरशी आणि जुनी वायर, हा जिवाशी खेळ आहे. लाइटचा भरवसा नसेल तर बॅटरीचं मशीन आणि दोन बॅटऱ्या.

स्वच्छता : गजकर्ण एका घोड्यावरून दुसऱ्यावर पात्यातून जातं. प्रत्येक घोड्यानंतर पातं निर्जंतुक करा.

मिशा : नाकाभोवतीचे आणि डोळ्यांजवळचे लांब केस घोड्याला अंदाज घ्यायला लागतात. एफईआय या आंतरराष्ट्रीय संघटनेने १ जुलै २०२१ पासून आपल्या स्पर्धांमध्ये ते कापलेले घोडे चालत नाहीत असा नियम केला आहे. 'स्वच्छ दिसतं' म्हणून कापू नका.

माझा सल्ला

एक ते तीन घोडे असतील तर लहान क्लिपर आणि १० नंबरची दोन ब्लेड. बस्स. अंग कापायची वेळ आलीच तर रुंद ब्लेड घ्या. मोठं मशीन लागतच असेल तर तीन-चार मालकांनी मिळून एक घ्या, पण पात्याची जोडी प्रत्येकाची स्वतंत्र. आजार पसरणार नाही आणि 'धार कुणी घालवली' हे भांडणही होणार नाही.

आणि ज्यांना यात धंदा दिसतो, त्यांनी कर्ज काढून मशीन घेऊ नये. आधी स्वतःच्या घोड्यावर हात बसवा. मग दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जा. तिथे अनेक राज्यांतून घोडे येतात. विकायला आणलेला घोडा नीटनेटका दिसावा असं प्रत्येक मालकाला वाटतं, पण त्यासाठी तो पैसे मोजेल का, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. दहा मालकांना दर सांगा. किती जण 'आत्ताच करून द्या' म्हणतात ते मोजा. 'बघू पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्यांना गिऱ्हाईक धरू नका.

या आठवड्याचा गृहपाठ : वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी वहीत मांडा आणि धारवाल्याचा नंबर त्याच पानावर लिहा. ते पान भरेपर्यंत दुकानाची पायरी चढू नका.