मुख्यमंत्री, इयत्ता सातवी

जून-जुलैत शाळा सुरू झाली की नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत एक निवडणूक होते. शालेय मंत्रिमंडळ म्हणा, कुठे बालसंसद म्हणा. अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, दोन दिवस प्रचार आणि मग मतदान. वर्तमानपत्राच्या तालुका पानावर शाई लावलेली बोटं उंचावणाऱ्या पोरांचा फोटो येतो. पुढचे मुद्दे त्या फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल आहेत. खेळातलंच सरकार आहे, त्याचं काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तर आहेतच.

१. तयारीबद्दल तक्रार नाही. हेच गुरुजी आणि बाई खऱ्या निवडणुकीत केंद्राध्यक्ष असतात. २० नोव्हेंबर २०२४ ला नांदेडमध्ये विधानसभा आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी झाली. प्रत्येक मतदाराची दोन मतं, दोन यंत्रं. ते ज्यांनी निभावलं, त्यांना ऐंशी पटाची शाळा म्हणजे डाव्या हातचा मळ. बाकावर पुठ्ठ्याचा आडोसा, आडोशामागे एक मोबाईल म्हणजे बॅलेट युनिट, सरांच्या हातातला दुसरा म्हणजे कंट्रोल युनिट. शाई नसली तर मार्कर पेन. बीप वाजला की पोरगं खुदकन हसतं.

पण नक्कल करताना एक पायरी हमखास गळते. खऱ्या केंद्रावर सकाळी अभिरूप मतदान होतं. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकायची, बेरीज जुळवून दाखवायची, मग यंत्र पुसून शून्य दाखवायचं आणि सील करायचं. शाळेत ॲप सरांच्या स्वतःच्या फोनमध्ये असतं. सुरुवातीचा शून्य कुणी पाहिलेला नसतो आणि निकालही सरच वाचून दाखवतात. सरांवर अविश्वास आहे म्हणून हे सांगत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सगळ्यांनी शून्य पाहिल्यावर हरलेल्याला बोलायला जागा उरत नाही. नांदेड-वाघाळा महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत एका प्रभागात व्हीव्हीपॅट लावून पाहिलं, ते तरी कशासाठी? मतदाराला आपलं मत सात सेकंद कागदावर दिसावं म्हणून.

माझं मत विचाराल तर छोट्या शाळेत ॲप नकोच. चिठ्ठी आणि डबा पुरे. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना १९५१-५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर चिन्ह चिकटवलेलं. अक्षरओळख नसलेल्या माणसाने आपली पेटी बरोबर शोधली. पहिलीतलं पोरही शोधेल. आणि चिठ्ठ्या फेरमोजता येतात.

२. मतदार कोण, हे उमेदवार ठरण्याच्या आधी ठरवा. पहिली-दुसरीला मत आहे का? त्या दिवशी आजारी असलेल्याचं काय? नवा दाखला घेऊन कालच आलेल्याचं? ही यादी अर्ज भरण्याआधी भिंतीवर लागली पाहिजे. नाहीतर होतं असं की सातवीचा उमेदवार मागे पडतोय असं दिसताच कुणाला तरी साक्षात्कार होतो, लहानांना काय कळतंय, त्यांना कशाला मत?

मतदार कोण हा प्रश्न निव्वळ खेळातल्या सरकारांनाही सुटलेला नाही. ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या खेळात खेळाडूंनी निवडलेलं एक मंडळ २००८ पासून आहे. ते खेळ बनवणाऱ्या आइसलँडमधल्या कंपनीपुढे खेळाडूंची बाजू मांडतं. तिथे मत माणसाला नाही, खात्याला. ज्याची पैसे भरलेली पाच खाती, त्याची पाच मतं. आपल्याकडे नेमकं उलटं. एका घरात एक फोन, तोही बापाबरोबर शेतात गेलेला, आणि शाळेत जाणारी लेकरं तीन. म्हणून ज्या शाळा ‘घरूनच ऑनलाइन मतदान’ घेतात, त्यांनी आधी हा हिशोब करावा. मोबाईल मोजून मतं धरली की बहुतेक वेळा थोरल्या भावाचं मत पडतं, धाकट्या बहिणीचं राहतं.

३. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पोल टाकून मंत्रिमंडळ निवडू नये. कुणी कुणाला मत दिलं ते नावानिशी दिसतं. गावात भावकी असते, वाडे असतात, बांधाची भांडणं असतात. ती पोरांच्या मतावर का लादायची? हात वर करून मतदान हाही त्यातलाच प्रकार. वर्गातला दांडगा मुलगा मागे वळून बघतो तेवढ्यात चार हात वर जातात.

४. आता मूळ दुखणं. निकाल लागतो आणि स्टाफरूममध्ये चुळबुळ सुरू होते. निवडून आलेला मुलगा अभ्यासात यथातथाच असतो. कबड्डी बरी खेळतो, भांडणं सोडवतो, पण परिपाठात बातम्या वाचताना अडखळतो. पाहुणे आले तर हा काय बोलणार? मग युक्ती निघते. याला क्रीडामंत्री करा, मुख्यमंत्री ‘हुशार’ मुलीला किंवा मुलाला. पुढच्या वर्षी आणखी सोपं, अर्ज भरायलाच अमुक टक्क्यांची अट.

लातूरच्या आसपास ही ओढ जरा जास्तच आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. ज्या शहराचं नाव राज्यभर ‘लातूर पॅटर्न’मुळे झालं, जिथे दहावी-बारावीच्या निकालानंतर चौकाचौकात टक्केवारीचे फलक लागतात, तिथे गुण हेच लायकीचं माप होणार. पण मत हे दुसरं माप आहे. पोरांनी कबड्डीवाल्याला निवडलं याचा अर्थ त्यांनी विचार केला नाही असा नाही. खिचडीच्या रांगेत कोण मध्ये घुसतो आणि कोण घुसणाऱ्याला मागे पाठवतो, हे त्यांनी रोज पाहिलेलं असतं. ती माहिती प्रगतिपुस्तकात नसते.

हीच युक्ती राज्याने मोठ्या प्रमाणावर केली आहे. महाविद्यालयीन निवडणुकांत हाणामाऱ्या होतात म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर नेमायची पद्धत आली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचं हे विद्यापीठ जन्मापासून नेमलेले प्रतिनिधी बघत आलं. २०१६ च्या नव्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, २०१९ साठी वेळापत्रकही निघालं, मग विधानसभेचं कारण सांगून ते पुढे ढकललं. म्हणजे ज्या स्वामीजींनी निजामाच्या राज्यात जबाबदार सरकार मागण्यासाठी तुरुंग भोगला, त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकून बाहेर पडलेल्या पदवीधराचं शेवटचं ‘शैक्षणिक’ मतदान बहुतेक सातवीतलंच असतं. ते तरी गुरुजींनी दुरुस्त करू नये. हाणामारी होत असेल तर आचारसंहिता कडक करा. चॉकलेट वाटणाऱ्याचा अर्ज बाद करा, बाप प्रचाराला आला तर उमेदवाराला समज द्या. निकाल मात्र लागला तसा राहू द्या.

५. ‘आमच्या शाळेचं मंत्रिमंडळ बिनविरोध’ हे अभिमानाने सांगू नका. गावात बिनविरोध म्हणजे बऱ्याचदा पारावर चार जाणत्यांनी आधीच लावलेला निकाल. एकच अर्ज आला तरी मत घ्या आणि ‘वरीलपैकी कोणी नाही’ ठेवा. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये विजयी उमेदवाराला सव्वा लाखाहून जास्त मतं पडली आणि दुसऱ्या क्रमांकावर आला नोटा, सत्तावीस हजारांवर मतं घेऊन. त्याच्या मागे राजकारण काय होतं हा वेगळा विषय. पण मतदाराला ‘नाही’ म्हणता येतं हे त्या मतदारसंघातल्या पोरांना वेगळं शिकवायला नको.

६. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला उपमुख्यमंत्री करायची पद्धत बंद व्हावी. (ही सोय आपल्या राज्याने फारच लोकप्रिय केली आहे.) त्याला किंवा तिला विरोधी पक्षनेता करा, आणि दर शनिवारी प्रश्न विचारू द्या. ‘उप’ बहुतेक वेळा मुलगीच असते, हेही एकदा मागच्या पाच वर्षांची नावं काढून तपासा.

जाता जाता एक. सगळ्या शाळेने थेट निवडलेला हा नेता खरं तर मुख्यमंत्र्यापेक्षा सरपंचाच्या जातीचा. सरपंचाची थेट निवड २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. शाळेनेही असं दर सत्तेगणिक बदलू नये. थेट की मंत्र्यांतून, ते एकदाच ठरवावं.

७. मंत्र्यांना एक तरी खरा अधिकार द्या. पोषण आहाराची चव बघून रोज नोंदवहीत लिहायचं असतं. तिथे शिक्षकाच्या सहीखाली आरोग्यमंत्र्याचीही सही असू दे, आणि खिचडी करपली असेल तर त्याला तसं लिहू द्या. परसबागेत मेथी लावायची की पालक, तेही त्यांनाच ठरवू द्या.

८. शेवटचा मुद्दा ऊसतोडीचा. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट या भागातून दसरा-दिवाळीनंतर कोयते निघतात. हंगामी वसतिगृहात काही मुलं राहतात, बरीच आईबापाबरोबर फडावर जातात. जुलैत निवडून आलेली स्वच्छतामंत्री नोव्हेंबरात कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या तळावर असते. शाळा काय करते? गपचूप दुसरं नाव टाकते. त्याऐवजी दोनपैकी एक करावं. पद तिचंच ठेवून तिच्या पसंतीचा प्रभारी नेमावा, किंवा रीतसर पोटनिवडणूक घ्यावी, यादी नव्याने लावून, पुन्हा शून्य दाखवून. आणि गेलेलं मूल मार्चअखेर परतलं की त्याचं नाव मतदार यादीत आपोआप चढलं पाहिजे. अर्ज करायला लावू नये.