प्रतिष्ठित रहिवासी आणि खुनाचा खटला

कोरेगांव भीमा येथें १ जानेवारी २०१८ रोजीं, १८१८ च्या लढाईस दोनशें वर्षें पुरीं झालीं म्हणून मोठा जनसमुदाय लोटला असतां जी दंगल उसळली, तींत सणसवाडीच्या बाजूस एक तरुण जमावाच्या हातून प्राणास मुकला. त्या दिवसाचा अर्थ काय, यावर आमच्या सुशिक्षित वर्गानें पुष्कळ लिहिलें. सरकारनें न्यायमूर्ति पटेल यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी आयोगहि नेमला. परंतु आयोगाचा अहवाल म्हणजे खुनाच्या खटल्यांतील पुरावा नव्हे. खून कोणीं केला हें शाबीत व्हावयाचें तें सत्र न्यायालयांत, आणि तेथें मत चालत नाहीं, साक्ष लागते. नेमकी तीच द्यावयास आमचा वर्ग तयार नसतो, अशी आमची तक्रार आहे.

घोळक्यांतून दगड कोणाच्या हातून सुटला हें पोलिसांस आकाशवाणीनें कळत नाहीं. आरोपी पुष्कळ असतील तेव्हां एकाच साक्षीदारावर न विसंबतां दोघातिघांच्या जुळत्या साक्षीचा आधार शोधावा, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयानें १९६४ सालीं मसलती खटल्यांत उचलून धरली. कोणी म्हणेल, आतां ज्याच्या त्याच्या हातांत कॅमेरा आहे, माणसाचें काय अडलें? अडलें आहे. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक-वादांत त्याच न्यायालयानें २०२० मध्यें स्पष्ट केलें कीं, मूळ उपकरणच हजर केलें नसेल तर चित्रणाच्या प्रतीबरोबर कायद्यानें ठरविलेलें प्रमाणपत्र हवेंच. म्हणजे उपकरण आणा किंवा कागदावर सही करा. कोणीतरी माणूस पुढें आलाच पाहिजे. चित्रण दहा जणांस पाठविणारे मात्र सहीच्या वेळीं सांपडत नाहींत.

पंचनाम्याचेंच घ्या. झडतीस त्या भागांतील ‘प्रतिष्ठित रहिवासी’ बोलवावे, असें १८९८ च्या फौजदारी संहितेपासून आजच्या नागरिक सुरक्षा संहितेपर्यंत कायदा सांगत आला आहे. प्रतिष्ठित रहिवासी त्या वेळीं खिडकी लावून घेतो. मग फौजदार चौकीसमोरच्या टपरीवरून नेहमींचा सही करणारा आणतो. पुढें बचावाचा वकील त्यास एवढेंच विचारतो, ‘आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्या?’ रक्ताळलेला दगड खरा असतो, जप्तीहि खरी असते. पण ती शाबीत करणारा माणूस भाड्याचा ठरतो. आरोपी सुटला म्हणजे त्या रात्रीं खिडकी लावून घेणारेच वर्तमानपत्र आपटून न्यायसंस्थेच्या नांवानें बोटें मोडतात.

पोलिसांस आम्ही निर्दोष म्हणत नाहीं. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत ओंकारेश्वराजवळील पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. पोलिसांनीं प्रथम पकडलेले दोघे दोषारोपपत्राअभावीं सुटले. सीबीआयनें २०१६ मध्यें मारेकरी म्हणून जीं नांवें दिलीं, तीं २०१८ मध्यें बदललीं. १० मे २०२४ च्या निकालांत दोघांस जन्मठेप झाली, तिघे सुटले, आणि तपासाच्या ढिलाईवर न्यायालयानें कडक ताशेरे ओढले. तरीहि दोघांस जी शिक्षा झाली, तीमागें प्रत्यक्षदर्शी साक्षीदार उभे होते, व त्यांतील एक होता महानगरपालिकेचा सफाई कामगार. इतक्या वर्षांनीं त्यानें भर न्यायालयांत आरोपींकडे बोट दाखविलें. त्या भागांत सकाळीं फिरावयास कोण कोण जातात, हें पुणेकरांस सांगावयास नको.

भीति वाटते, हें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. त्या खटल्यांत आरोप निश्चित व्हावयासच सप्टेंबर २०२१ उजाडला. साक्षीदारास दिवसभर बांकावर बसवून संध्याकाळीं पुढची तारीख देणें हाहि एक छळच होय. साक्षीदार-संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें मंजूर केली आहे. ती प्रत्येक पोलीस-ठाण्याच्या भिंतीवर मराठींत लावण्याचा आग्रह आमच्या मंडळींनीं धरला असता, तर तें खरें काम झालें असतें. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचें चित्रण सक्तीचें झालें, हें उत्तमच. पण चित्रांत पंच म्हणून उभा राहणार कोण?

लेखी हुकूम मिळाल्यावरहि वाजवी कारणावांचून पंच होण्यास नकार देणें हा गुन्हा आहे. ही तरतूद एकदां आम्हां प्रतिष्ठितांवर चालवून पाहावी, अशी पुणें जिल्ह्याच्या पोलिसांस आमची सूचना आहे. पहिला नकार कोणत्या प्रकारच्या घरांतून येईल, हें सांगावयास ज्योतिषी नको.