आधी ती सामाईक थाळी उचला

भिलाईत पावर हाउसच्या जवाहर मार्केटमागची घरं असोत की कँप-२ मधल्या दोन खोल्या, मांजर पाळणारं घर सहसा एका मांजरावर थांबत नाही. एक हौसेनं आणलेलं, एक जिन्याखाली सापडलेलं, तिसरं त्याचंच पिल्लू. खाण्याची थाळी मात्र सगळ्यांत एकच. सकाळी कोरडे दाणे ओतायचे, दुपारी दूध-भात कालवायचा आणि थाळी रिकामी दिसली की पुन्हा भरायची. या थाळीवर एक बोका गलेलठ्ठ होतो आणि घरचे त्याला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून कौतुकानं दाखवतात. हे कौतुक थांबायला हवं, आणि त्याआधी ती थाळी उचलायला हवी.

खाण्याच्या वेळी जरा बाजूला उभं राहून पाहावं. बोका आपल्यापुढचं संपवतो आणि शेजारणीच्या वाट्यात तोंड घालतो. ती सडपातळ मांजरी गुरगुरत नाही, पंजाही उगारत नाही. दोन पावलं मागे सरकते, ओठ चाटते आणि कपाटाखाली जाऊन बसते. घरच्यांना वाटतं, हिचं पोट भरलं. मांजर हा एकट्यानं शिकार करून एकट्यानं खाणारा प्राणी. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा आणि निवांत खाणं हा त्याचा स्वभाव. पंगत त्याला मानवत नाही.

त्यात नसबंदीची भर पडते. नसबंदी करायलाच हवी, त्यात दुमत नको. पण त्यानंतर शरीराची गरज साधारण एक चतुर्थांशानं घटते आणि भूक उलट वाढते. टाके काढून घरी पाठवताना ही गोष्ट ठासून सांगितली गेली, तर कितीतरी बोके मुळात फुगणारच नाहीत.

लठ्ठपणानं सांधे धरतात आणि मधुमेहाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. भिलाईच्या उन्हाळ्यात तर अशा मांजराचे फारच हाल होतात. सामाईक थाळीचा खरा घात मात्र वेगळाच आहे. कोण किती खातंय हे ती कळूच देत नाही. लठ्ठ मांजरानं दोन-तीन दिवस अन्न सोडलं, तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि ते जिवावर बेततं. तीन मांजरांच्या घरात थाळी रोज रिकामी होत असेल, तर एकानं तोंड लावलेलं नाही हे कुणाच्या लक्षात येणार? म्हणूनच वजन उतरवायला मांजराला उपाशी ठेवणं हा उपाय नव्हे. तो सरळ धोका आहे.

जगभर गाजलेल्या लठ्ठ मांजरांच्या मागेही बहुधा मायाच असते. रशियातल्या पेर्म शहरात २०२४ साली क्रोशिक नावाचा सुमारे १७ किलोचा बोका चर्चेत आला. इस्पितळातल्या माणसांनी त्याला सूप आणि बिस्किटं खाऊ घालून वाढवलं होतं. त्याचं वजन उतरवण्याची खटपट सुरू झाली, पण त्याच वर्षी तो गेला. गिनीज बुकानं सर्वांत वजनदार मांजराचा विक्रम नोंदवणं केव्हाच बंद केलं, कारण विक्रमापायी लोक मांजरांना कोंबून भरवतील ही भीती होती.

उपायाला महागडं यंत्र लागत नाही. मांजराच्या कातडीखालची चिप ओळखून झाकण उघडणारी भांडी मिळतात खरी, पण दोन खोल्यांच्या घरात दारच पुरेसं आहे. ठरलेल्या वेळी प्रत्येकाला वेगळी वाटी आणि मध्ये बंद दार. वीस मिनिटांनी वाट्या उचलायच्या. दार नसेल तर चपळ मांजरीची वाटी कपाटावर ठेवावी, आणि पिल्लाची वाटी बोका शिरणार नाही एवढंच भोक पाडलेल्या खोक्यात. सकाळीच प्रत्येकाच्या नावाच्या डबीत दिवसाचे दाणे स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून भरावेत. आजीनं द्यावं, नातवानं द्यावं, पण त्या डबीतूनच. साडेचार किलोच्या घरबशा मांजराला कोरडे दाणे दिवसाला साधारण पन्नास-पंचावन्न ग्रॅम पुरतात. दूध-भात बंद. मांजर मुळातच मांसाहारी आहे आणि मोठेपणी बहुतेकांना दूध नीट पचतही नाही.

बरगड्यांवरून हलका हात फिरवला की त्या बोटांना लागायला हव्यात. पोटाखाली लोंबणारी सैल कातडी मात्र सडपातळ मांजरालाही असते, तिच्यावरून अंदाज बांधू नये. खाणं बदलण्याआधी पशुवैद्याला दाखवावं. दुर्गपुढे राजनांदगावच्या वाटेवर अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे न्या की शेजारच्या दवाखान्यात, पण घरातल्या प्रत्येक मांजराचं वजन कागदावर लिहून घ्या. डॉक्टरांनीही न मागता ते लिहून द्यायला हवं.

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्का उतार म्हणजे बेताची गती. सहा किलोच्या बोक्याला साडेचारवर आणायचं, तर आठवड्याला साठ ग्रॅम, म्हणजे साधारण सहा महिने. तोवर महिन्यातून एकदा मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. बोक्याबरोबर कपाटाखालच्या मांजरीचंही. तिचा आकडा वर सरकला, तर वाट्या योग्य तोंडी पोचताहेत. तो खाली जात राहिला, तर बोक्याची वाट न पाहता आधी तिलाच दवाखान्यात न्यायचं.