दुकानदाराचा धर्म कसला विचारता? हिशेब विचारा!

सणवार जवळ आले की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो : 'अमक्या धर्माच्या दुकानातून सामान घेऊ नका.' त्याला उत्तर म्हणून आपल्या मोहल्ल्यातून दुसरा संदेश निघतो : 'खरेदी आपल्याच माणसाकडे करा.' पहिला संदेश द्वेषाचा आहे. तो हातगाडीवाल्याच्या पोटावर पाय देतो, त्याचा निषेध केलाच पाहिजे. पण दुसऱ्या संदेशाने महिन्याचा किराणा भरणाऱ्या बाईच्या हाती काय पडते? तूरडाळ त्याच भावाने, तेल त्याच भावाने आणि महिनाअखेरीस तीच उधारीची वही. दुकानदार आपल्या जमातीचा आहे म्हणून तराजू तिच्या बाजूने झुकत नाही.

दोन्ही संदेश विकणाऱ्याचा धर्म विचारतात. घेणाऱ्याचा हक्क कोणीच विचारत नाही. ग्राहक सहकाराने हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी विचारला.

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात विणकर आणि कारागिरांची मजुरी तुटपुंजी होती, आणि त्या काळी पिठात तुरटी मिसळून विकण्याचे प्रकार सर्रास चालत. अशा 28 जणांनी 28 पौंड भांडवल जमवून 21 डिसेंबर 1844 रोजी टोड लेनवर दुकान उघडले. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ! शेजारचे दुकानदार हसले असतील तर नवल नाही. पण त्या दुकानाचे नियम जगाने उचलले. माल निर्भेळ, वजन पुरे, व्यवहार रोखीचा. भाग कितीही घ्या, मत एकच. बाईलाही मत, आणि तेही देशाच्या निवडणुकीत बायकांना मताधिकार नसताना. उरलेला नफा भांडवलावर न वाटता ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. आणि धर्म व राजकारण यांबाबत संस्था तटस्थ.

हा शेवटचा नियम आपण नीट वाचावा. वेगवेगळ्या चर्चमध्ये जाणारी माणसे एका दुकानाची मालक होती, म्हणूनच ते दुकान टिकले.

आपल्या देशातही हे रुजले. मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये 1904 साली ग्राहकांची सहकारी संस्था निघाली. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी 1948 मध्ये अपना बाजारची सुरुवात केली. 1975 साली उभ्या राहिलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच काढले नाही. शेजारची कुटुंबे एकत्र येतात, महिन्याची यादी देतात, एकगठ्ठा खरेदी होते, माल एका घरी उतरतो आणि सभासद स्वतःच तो वाटून घेतात. दुकानाचे भाडे नाही, जाहिरातीचा खर्च नाही.

यावर लगेच उत्तर येते : 'सहकार म्हणजे पुढाऱ्यांचे कुरण. किती भांडारे बंद पडली!' पडली, खरे आहे. दिल्लीचे सुपर बाजार 1966 मध्ये थाटात सुरू झाले आणि 2002 मध्ये ते गुंडाळण्याचा आदेश निघाला. पण तिथे बहुतेक भांडवल सरकारचे होते आणि कारभार सरकारी अधिकाऱ्यांकडे. ग्राहक नावाचा सभासद होता. त्याने हिशेब मागितला नाही, त्याला कोणी दिला नाही. आपल्या गावच्या संस्थेचे काय वेगळे आहे? वार्षिक सभेला किती जण जातो? ताळेबंद किती जण वाचतो? सभा ओस टाकायची आणि मग पुढाऱ्याने संस्था खाल्ली म्हणून रडायचे, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे : 'सहकारात व्याज आले, आम्हाला चालत नाही.' ज्यांना व्याज नको त्यांनी ते घेऊ नये. पण खरेदीच्या प्रमाणात परत मिळणारी रक्कम व्याज नाही. वर्षभर आपल्याकडून जे जास्त घेतले गेले तेच वर्षाअखेरीस आपल्याला परत मिळते. भागांवर लाभांश वाटलाच पाहिजे अशी सक्तीही कायदा करत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा : अडल्यावेळी उधार कोण देणार? कोपऱ्यावरचा दुकानदार देतो, त्याचे ते उपकार नाकारू नयेत. पण उधारीवर जगणाऱ्या बाईला भाव विचारायची हिंमत राहत नाही. म्हणूनच रॉचडेलच्या लोकांनी रोखीचा हट्ट धरला. संस्थेकडून परत मिळालेली रक्कम साठली, तर अडीच्या महिन्यात हात पसरावा लागत नाही.

महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे नोंदणीसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसे लागतात. नोंदणीआधीही सुरुवात होते : दहा घरे, एक यादी, बाजार समितीच्या आवारातून एक खरेदी, आणि सर्वांसमोर वाचलेला हिशेब. यादी बायकांनी करावी आणि वहीही त्यांच्याच हाती असावी, कारण घरचा भाव त्यांना ठाऊक असतो.

आणि ती दहा घरे एकाच धर्माची नसावीत. गल्लीच्या पलीकडची चार घरेही घ्या. तूरडाळीचा भाव त्यांनाही तेवढाच परवडेनासा झाला आहे. एका पोत्यातली डाळ एका वजनाने वाटून घेणाऱ्यांना बहिष्काराचा संदेश पुढे पाठवताना निदान हात आखडावा लागेल.