गळलेल्या पानांची बाग
सेडमची कुंडी विकत घेण्यापेक्षा ज्याच्या गॅलरीत ते लोंबकळतंय त्याच्याकडे चहाला जावं. खाली गळलेली चार पानं देताना कुणी कुरकुरत नाही. मूळच्या मेक्सिकोच्या ‘बरोज टेल’ सेडमचं टपोरं पान धक्का लागला तरी सुटतं, आणि त्यातून नवं रोप होतं. फक्त ते लगेच मातीत खुपसू नका. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून तुटलेलं टोक सुकू द्या, मग वाळूमिश्रित मातीवर नुसतं आडवं टाका. काही आठवड्यांत मुळं फुटतात. पान सुरकुतत जातं, कारण पिल्लू त्याच्याच साठ्यावर वाढतं. पाण्याची घाई कशाला? हे झाड पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतं, त्यामुळे ओल फार उडत नाही. पावसाळ्यात मात्र कुंडी छपराखाली घ्या आणि तिच्या खालची बशी काढून टाका.