छपराचा हिशेब

२०११च्या जनगणनेत प्रगणकांनी घराघराच्या छपराची नोंद केली. गवत, कौले, दगड, काँक्रीट असे रकाने होते आणि त्यांतच एक रकाना होता जस्ती, धातूच्या आणि ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचा. सगळे पत्रे एकाच रकान्यात. त्यातला एक कापताना धूळ होऊन माणसाच्या छातीत जातो आणि दुसरा जात नाही, हा फरक मोजणाऱ्यांच्या लेखी नव्हताच. त्यामुळे देशात किती घरे, शाळा, गोठे आणि कारखान्यांच्या शेड ॲस्बेस्टॉसखाली आहेत, हे त्या आकड्यांवरून कोणालाही सांगता येत नाही. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत राष्ट्रीय योजना हवी, असे आम्ही म्हणतो तेव्हा तिची सुरुवात या रकान्यापासून व्हावी, एवढे साधे आमचे म्हणणे आहे.

सिमेंटचा पत्रा ज्यांनी घातला त्यांनी तो हौसेने घातलेला नाही. तो गंजत नाही, कोकणच्या खाऱ्या हवेत तग धरतो, उन्हाळ्यात टिनाइतका तापत नाही आणि स्लॅबच्या खर्चाशी त्याची तुलनाच नको. या पत्र्यात साधारण आठ-दहा टक्के क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस असतो. सिमेंटमध्ये घट्ट बसलेले तंतू छपरावर निमूट पडून आहेत तोवर धोका कमी. पण हुकासाठी भोक पाडताना, ग्राइंडरने कड कापताना, पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडताना ते मोकळे होतात. हे सारे करणारा माणूस फार तर तोंडाला रुमाल बांधतो, आणि रुमालातून हा तंतू सहज जातो. तो फुफ्फुसात रुतल्यावर ॲस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा दिसायला वीस ते चाळीस वर्षे लागू शकतात. तोवर पत्रा कोणी बसवला, कुठे बसवला, हे त्याला स्वतःलाही आठवत नाही. पांढरा ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी, हा उद्योगाचा जुना दावा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच निकालात काढला आहे. कामाच्या ठिकाणी येणाऱ्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्काने जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात, असा खुद्द संघटनेचा अंदाज आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले आणि रायगड-रत्नागिरीतल्या हजारो घरांची छपरे गेली. पंचनामे झाले, मदत जाहीर झाली, नव्या पत्र्यांसाठी धावाधाव झाली. फुटलेल्या सिमेंट पत्र्यांची विल्हेवाट कशी लावायची, हा प्रश्न मात्र मदतीच्या त्या धांदलीत अग्रक्रमाचा ठरला नाही. आपल्याकडे फुटक्या पत्र्याचे जे व्हायचे ते ठरलेले आहे: खराट्याने लोटून रस्त्याकडेला ढीग, नाहीतर खड्ड्यात भर. शहरांत तर अतिक्रमण हटवताना जेसीबी पत्र्यासकट झोपडी चिरडतो आणि तो राडारोडा उघड्या डंपरमधून जातो. पालिकेचा कामगार त्या धुळीत उभा असतो आणि झोपडीतली पोरेही.

कायदा नाही, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात खणखणीत निकाल दिला. कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी. ॲस्बेस्टॉसिस सिद्ध झालेल्या प्रत्येकाला एक लाख रुपये द्यावेत, असे आदेश त्यात होते. पण हे संरक्षण कारखान्याच्या फाटकापाशी संपते. पत्रा ट्रकमध्ये चढला की त्यापुढचा हमाल, गवंडी, पत्रे बसवणारा आणि वीस वर्षांनी ते उतरवणारा यांच्यापैकी कोणाचेही नाव हजेरीपटावर नसते. नोंद जपायची तर ती आधी असायला हवी.

धोरणातली विसंगतीही पाहण्यासारखी आहे. २००६मध्ये ‘क्लेमॉन्सो’ ही फ्रेंच युद्धनौका ॲस्बेस्टॉस पोटात घेऊन तोडणीसाठी गुजरातमधील अलंगकडे निघाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तिला तूर्त अडवले आणि शेवटी फ्रान्सने ती माघारी बोलावली. देशभर समाधान व्यक्त झाले. त्याच काळात गोण्यांमधून येणारा लाखो टन ॲस्बेस्टॉस आपल्या बंदरांवर राजरोस उतरत होता, आजही उतरतो. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली; तरी तिथल्या गोयास राज्याने निर्यातीसाठी खाण चालू ठेवण्याचा कायदा केला, आणि त्या मालाच्या गिऱ्हाइकांत आपण आहोत. क्रायसोटाइल निर्यात करताना घेणाऱ्या देशाला धोक्याची माहिती द्यावी, एवढेच मागणाऱ्या रॉटरडॅम करारातील यादीलाही भारताने २०११मध्ये होकार देऊन २०१३मध्ये विरोध केला. स्वतःला मिळणारी माहिती नाकारणारा ग्राहक विरळाच.

आयातबंदीची तारीख जाहीर व्हायलाच हवी. पण बंदीने छपरावरचा पत्रा उतरत नाही. इथे पोलंडचा अनुभव ध्यानात घेण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियाने २०१३मध्ये स्वतंत्र ॲस्बेस्टॉस संस्था उभारली, तिचे कौतुक बरेच होते. पण आपल्या परिस्थितीच्या जवळचा देश पोलंड. तिथेही शेतकऱ्यांच्या घरांवर आणि गोठ्यांवर हेच पन्हळी पत्रे. १९९७मध्ये त्यांनी बंदीचा कायदा केला आणि २०३२पर्यंत देश ॲस्बेस्टॉसमुक्त करण्याचा कार्यक्रम २००९मध्ये हाती घेतला. गावपातळीच्या प्रशासनाने छपरे मोजली, आकडे एका सार्वजनिक नोंदवहीत आले. काढण्याला आणि पुरण्याला अनुदान मिळाले. तरीही काम रेंगाळले आहे, कारण नव्या छपराचा खर्च बहुतांशी मालकाच्याच माथी राहिला. जुना पत्रा फुकटात नेऊन उघड्यावर बसवणाऱ्या योजनेत गरीब माणूस का यावा?

म्हणून मोजणीपाठोपाठ आपल्या योजनेत नव्या छपराच्या पैशाची सोय झाली पाहिजे. बंदीपर्यंत आयातीवर उपकर लावा आणि तो याच कामाला बांधून ठेवा. घरकुल योजनांत छप्पर बदलण्याची तरतूद करा. घाईने सरसकट पत्रे काढायला लावणारा आदेश मात्र नको. धड असलेला पत्रा हातोड्याने फोडून काढण्यापेक्षा तो रंगवून जागेवर ठेवलेला बरा. काढायचाच तर पाणी मारून, हुक सोडवून, अख्खा खाली घ्यायचा आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. हे शिकवायला गवंडी आणि पत्रेवाल्यांची दोन दिवसांची शिबिरे पुरतील.

यातली पहिली पायरी चढायला राज्याला दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. केरळच्या मानवाधिकार आयोगाने शाळांवरचे ॲस्बेस्टॉस हटवण्याचा आदेश २००९मध्येच दिला. महाराष्ट्राने जिल्हा परिषद शाळा, अंगणवाड्या आणि आश्रमशाळांची छपरे येत्या उन्हाळी सुट्टीत मोजावीत, खचलेली आधी उतरवावीत. घातक कचऱ्याची केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला आहेत. गडचिरोलीतल्या एखाद्या आश्रमशाळेचे पत्रे बुटीबोरीपर्यंत न्यायचे गाडीभाडे कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे, याचा शासननिर्णय आधी निघू द्या.